नुकसानीचं माप





पूर आला, भूकंप झाला, की दोन-चार दिवसांत कुणीतरी म्हणतंच, ‘निसर्ग गरीब-श्रीमंत बघत नाही.’ वाक्य खोटं नाही. वादळाला जात नसते, वर्ण नसतो, कुणाच्या बँकेत किती शिल्लक आहे हे त्याला ठाऊक नसतं. पण या वाक्याच्या आडोशाने आपण पुढचे प्रश्न विचारायचं टाळतो. बांध कुठे घातला, कालवा कुणाच्या वस्तीतून काढला, गाव सोडायचा हुकूम कधी निघाला, आणि पाणी ओसरल्यावर नुकसानीचा हिशेब कोणत्या नियमाने झाला, यातलं काहीच निसर्ग ठरवत नाही. माझं आजचं म्हणणं असं आहे की आपत्तीतल्या विषमतेचा सर्वांत टिकाऊ आणि सर्वांत कमी दिसणारा भाग या शेवटच्या गोष्टीत, म्हणजे नुकसान मोजायच्या मापात असतो. त्या मापावर वर्ण लिहिलेला नसतो, जात लिहिलेली नसते. तरीही ते लावलं की ज्याच्याकडे आधी जास्त होतं तो लवकर उभा राहतो, आणि ज्याच्याकडे कमी होतं तो आणखी खाली जातो.

उदाहरणं मी मुख्यतः अमेरिकेतली देणार आहे. तिथे वर्णाची नोंद सरकारी कागदांवर होते. जनगणनेत ती असते, मृत्यूच्या दाखल्यावर असते, गृहकर्जाच्या नोंदींत असते. त्यामुळे कुणाचं काय गेलं आणि कुणाला काय परत मिळालं, हे ताडून पाहता येतं. आपल्याकडे पुरात गेलेल्या माणसाच्या दाखल्यावर जात नसते. ती असावी असं मी म्हणत नाही, पण त्यामुळे भेदभाव नव्हता असं सिद्ध होत नाही, एवढं लक्षात असू द्यावं.

२९ ऑगस्ट २००५. सोमवारी सकाळी कतरिना वादळ लुइझियानाच्या किनाऱ्यावर धडकलं. मुंबईच्या २६ जुलैच्या पावसाला तेव्हा पाच आठवडेही झाले नव्हते. त्यामुळे त्या दिवसांत टीव्हीवर दिसलेलं न्यू ऑर्लिन्स आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात असेल. छपरांवर अडकलेली माणसं, सुपरडोम नावाच्या स्टेडियममध्ये कोंडलेली हजारो कुटुंबं, आणि त्यांतले बहुतेक चेहरे कृष्णवर्णीय. शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. २००० च्या जनगणनेत या शहराची वस्ती ४ लाख ८४ हजार होती आणि त्यात दोनतृतीयांश लोक कृष्णवर्णीय होते.

हे शहर बुडालं ते वाऱ्याने किंवा पावसाने नव्हे. कालव्यांच्या कडेच्या पूरभिंती कोसळल्या म्हणून बुडालं. यांतल्या काही भिंती तर पाणी त्यांच्या माथ्यापर्यंत पोचण्याआधीच खचल्या. त्या लष्कराच्या अभियंता विभागाने उभारल्या होत्या, आणि रचनेत दोष होते हे त्या विभागाने २००६ मध्ये स्वतःच मान्य केलं. म्हणजे सगळ्या जगाने जिला नैसर्गिक आपत्ती म्हटलं, तिच्यातला निर्णायक क्षण हा सरकारी बांधकाम पडण्याचा होता.

आता थोडं मागे जावं लागेल. न्यू ऑर्लिन्सच्या लोअर नाइन्थ वॉर्डमध्ये कतरिनानंतर अनेक वयस्कर लोक ठामपणे सांगत होते, की बांध फुटला नाही, सरकारने तो सुरुंग लावून उडवला. १९६५ च्या बेट्सी वादळानंतरही ते हेच म्हणत होते. या वेळी तसं झालं नव्हतं. पण या लोकांना अडाणी समजणाऱ्याने १९२७ साल वाचावं.

त्या वर्षी मिसिसिपी नदीला न भूतो असा पूर आला. न्यू ऑर्लिन्सच्या बँकवाल्यांनी आणि बड्या व्यापाऱ्यांनी शहर वाचवण्यासाठी राज्य सरकारला गळ घातली, आणि २९ एप्रिलला शहराच्या खालच्या बाजूला कार्नार्वन इथे बांध खरोखरच डायनामाइट लावून फोडण्यात आला. पाणी सोडलं ते सेंट बर्नार्ड आणि प्लाकमिन्स या परगण्यांवर. तिथे कातडी विकून पोट भरणारे शिकारी आणि मासेमार राहत. त्यांतले पुष्कळ गोरे होते, पण गरीब होते. भरपाईचं वचन मिळालं होतं. प्रत्यक्षात बहुतेकांच्या हातात फारसं काही पडलं नाही. वर नदीकाठी इतर ठिकाणी बांध आपोआप फुटलेच होते, त्यामुळे हा स्फोट करायची गरजच नव्हती, असं पुढे दिसून आलं.

त्याच पुरात मिसिसिपी राज्यातल्या ग्रीनव्हिलची गोष्ट वेगळी आणि जास्त क्रूर आहे. २१ एप्रिलला शहराच्या वरच्या अंगाला माउंड्स लँडिंगला बांध फुटला. सुमारे १३ हजार कृष्णवर्णीय माणसं नदीच्या बांधावर येऊन अडकली. त्यांना बोटींतून बाहेर काढायचं ठरलं. पण कापसाच्या मळेवाल्यांनी ते हाणून पाडलं. मजूर एकदा गेले तर परत येणार नाहीत, मग कापूस कोण वेचणार, ही त्यांची चिंता. बोटी जवळपास रिकाम्याच परत गेल्या. बांधावर नॅशनल गार्डचा पहारा बसला. माणसांच्या कपड्यांना चिठ्ठ्या लावल्या गेल्या आणि काम केलं तरच शिधा असा नियम झाला. रेड क्रॉसकडून अन्न फुकट येत होतं, ते उतरवून घ्यायचं काम मात्र यांनी बिनमजुरीने करायचं. मदतकार्याचे प्रमुख हर्बर्ट हूवर होते. पुढच्याच वर्षी ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले.

म्हणजे एकाच पुरात दोन गोष्टी घडल्या. गरीब गोऱ्यांच्या घरांची किंमत शहराच्या मालमत्तेपुढे नगण्य ठरली, आणि कृष्णवर्णीयांची किंमत त्यांच्या श्रमाएवढीच धरली गेली. वर्ग आणि वर्ण यांत मोठं काय, असा वाद आपल्याकडेही वर्ग आणि जात या शब्दांत रंगतो. मिसिसिपीच्या काठावर ही दोन्ही मापं एकाच वेळी आणि एकाच हाताने वापरली गेली होती.

लोअर नाइन्थ वॉर्ड शहरापासून तुटला तोही माणसाच्या हाताने. १९२० च्या सुमारास जहाजांसाठी इंडस्ट्रियल कॅनॉल खणला गेला आणि ही वस्ती त्याच्या पलीकडे पडली. साठच्या दशकात समुद्राकडून आणखी एक जलमार्ग काढला, त्याने मधल्या पाणथळ जंगलाची वाट लावली. ते जंगल वादळाची लाट अडवत असे. हा जलमार्ग शेवटी २००९ मध्ये दगड टाकून बंद करावा लागला. दोन्ही कालव्यांचा फायदा बंदराला झाला. धोका मात्र काठावरच्या वस्त्यांच्या वाट्याला आला.

आता वादळाच्या आदल्या दिवसाकडे येऊ. शहर सोडण्याचा सक्तीचा हुकूम रविवारी, २८ ऑगस्टला सकाळी निघाला. हुकूम सगळ्यांना सारखाच होता. पण तो पाळायचा तर गाडी हवी, पेट्रोलला पैसे हवेत, दोन-चार रात्री हॉटेलात काढायची ऐपत हवी. शहरातल्या दर चार घरांपैकी एका घरात गाडीच नव्हती, आणि कृष्णवर्णीय कुटुंबांत हे प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक होतं. त्यात महिनाअखेर. सरकारी मदतीचे आणि पेन्शनचे चेक एक तारखेच्या आसपास येतात, २८ तारखेला हातात काय असणार? पगारावर जगणाऱ्या कुठल्याही घराला महिन्याचा शेवटचा आठवडा कसा असतो हे सांगायला नको. शाळांच्या बसगाड्या होत्या. त्या आवारात उभ्या राहिल्या आणि तिथेच बुडाल्या.

जे मागे राहिले त्यांच्यातल्या काहींनी १ सप्टेंबरला चालत निघून मिसिसिपीवरचा पूल ओलांडायचा प्रयत्न केला. पलीकडे ग्रेटना हे बहुसंख्य गोऱ्यांचं उपनगर होतं, आणि ते कोरडं होतं. तिथल्या पोलिसांनी पूल अडवला. हवेत गोळ्या झाडल्या आणि माणसांना बुडालेल्या शहराकडे परत पाठवलं. त्या पुलावर पाणी नव्हतं, वादळ नव्हतं. होते ते बंदूकधारी पोलीस.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. लेकव्ह्यू नावाची गोऱ्या मध्यमवर्गाची वस्तीही कित्येक फूट पाण्याखाली होती. शेजारचा सेंट बर्नार्ड परगणा बहुसंख्य गोऱ्यांचा, तो तर जवळपास सगळा बुडाला. मृतांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की लुइझियानातल्या मृतांपैकी जवळजवळ निम्मे ७५ वर्षांच्या पुढचे होते. वय हा मोठा घटक होता आणि त्यात गोरेही होते. पण त्याच अभ्यासाने न्यू ऑर्लिन्समधल्या प्रौढांचे वेगवेगळे वयोगट तपासले, तेव्हा कृष्णवर्णीयांचा मृत्युदर गोऱ्यांच्या १.७ ते ४ पट निघाला. म्हणजे पाणी दोन्हीकडे शिरलं, पण दोन्हीकडचे लोक पाण्यात सारखे सापडले नाहीत.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. लेकव्ह्यू आणि लोअर नाइन्थ या दोन्ही वस्त्या बुडाल्या होत्या. लेकव्ह्यू पुन्हा उभी राहिली. लोअर नाइन्थमध्ये कितीतरी वर्षं गवत वाढलेले मोकळे प्लॉट आणि नुसत्या पायऱ्या उरल्या होत्या. हे कसं झालं?

घरं पुन्हा बांधण्यासाठी संघराज्य सरकारच्या पैशातून लुइझियानाने ‘रोड होम’ नावाची योजना आणली. जास्तीत जास्त दीड लाख डॉलर अनुदान. नियम असा: घराची वादळापूर्वीची बाजारातली किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, या दोहोंत जी रक्कम कमी असेल ती धरायची, आणि त्यातून विमा व इतर मदत वजा करायची. कागदावर यात आक्षेपार्ह काय आहे? काहीच नाही. कुठल्याही लेखापरीक्षकाला पटेल असा नियम आहे.

आता दोन घरं डोळ्यांसमोर आणा. आकडे मी समजण्यासाठी घेतो. दोन्ही घरं तीन खोल्यांची, एकाच लाकडाची, दोन्हींत छातीएवढं पाणी. दोन्हींच्या दुरुस्तीला सव्वा लाख डॉलर लागणार, कारण खिळे, फळ्या आणि सुताराची मजुरी दोन्हीकडे तीच. लेकव्ह्यूतल्या घराची बाजारात किंमत अडीच लाख. त्याला दुरुस्तीचा पूर्ण खर्च, सव्वा लाख, धरून मिळतो. दुसरं घर कृष्णवर्णीय वस्तीत, म्हणून त्याची बाजारातली किंमत ६० हजार. त्याला ६० हजार मिळतात. उरलेले ६५ हजार त्या बाईने कुठून आणायचे? आणि मुळात तिच्या घराची किंमत ६० हजार का? घर तर तेच आहे. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे करून कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगाने रंगवल्या, कर्जाला धोक्याच्या म्हणून. तिथे कर्ज मिळेना, म्हणून गिऱ्हाईक येईना, म्हणून भाव चढेना. बाजारभाव बाजाराने ठरवला असं म्हणतात, पण त्या बाजाराचा हात आधी सरकारनेच धरलेला होता. जुन्या अन्यायाने घराची किंमत पाडली आणि नव्या योजनेने तीच किंमत प्रमाण मानली.

गृहनिर्माणातल्या भेदभावाविरुद्ध काम करणाऱ्या संस्था आणि काही घरमालक २००८ मध्ये कोर्टात गेले. २०११ मध्ये ६ कोटी २० लाख डॉलरवर तडजोड झाली. तोवर सहा वर्षं गेली होती आणि लोक ह्यूस्टनला, अटलांटाला जाऊन स्थिरावले होते.

दुसरी अडचण आपल्याला फारच ओळखीची वाटेल. लोअर नाइन्थमध्ये भाडेकरूंपेक्षा घरमालक जास्त होते. आजोबांनी पै-पै जमवून बांधलेलं घर. आजोबा गेले, आजी गेली, पण वारसनोंद कुणी केली नाही. वकिलाचा खर्च कशाला, आणि घर तर आपलंच आहे. अनुदानाच्या खिडकीवर मालकीचा कागद मागितला, तेव्हा घर सत्तर वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाच्या नावावर निघालं. पुढच्या पिढीतले आठ-दहा वारस चार राज्यांत पांगलेले. सातबाऱ्यावर मेलेल्या आजोबाचं नाव असलेलं घर ज्याने पाहिलंय, त्याला यातली कोंडी वेगळी सांगायला नको.

आणि भाडेकरूंचं काय? सरकारी चाळींसारख्या चार मोठ्या वसाहती होत्या, बऱ्याचशा पुन्हा राहण्याजोग्या. डिसेंबर २००७ मध्ये नगर परिषदेने त्या पाडायला एकमताने मंजुरी दिली. सुमारे साडेचार हजार घरं. गरिबांचं चॅरिटी हॉस्पिटल बंद झालं ते पुन्हा उघडलं नाही. २०१० च्या जनगणनेत शहराची वस्ती ३ लाख ४४ हजारांवर आली होती, आणि कमी झालेल्यांत एक लाखाहून अधिक कृष्णवर्णीय होते.

हा एका शहराचा अपवाद असता तर मी इतका वेळ घेतला नसता. जुनिया हॉवेल आणि जेम्स इलियट या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कुटुंबांच्या १९९९ ते २०१३ या काळातल्या संपत्तीचा अभ्यास केला. ज्या परगण्यांत आपत्तीने किमान १० अब्ज डॉलरचं नुकसान झालं, तिथल्या गोऱ्या रहिवाशांची संपत्ती या काळात सरासरी १ लाख २६ हजार डॉलरने वाढली. कृष्णवर्णीयांची २७ हजारांनी घटली. आणि जिथे सरकारी मदत जास्त आली, तिथे ही दरी आणखी रुंदावली. मदत कमी पडली म्हणून विषमता वाढली, असं आपण सहज धरून चालतो. इथे मदतीनेच विषमता वाढवली, कारण ती मालमत्तेच्या मापाने वाटली गेली.

हे माप आपल्यालाही परकं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचं जड माळवद, अशा घरांनी सर्वांत जास्त जीव घेतले. कुडाच्या, छपराच्या हलक्या घरांत त्या मानाने माणसं वाचली. मरणात, निदान त्या पहाटे, गरिबीने थोडं तारलं होतं. मग पुनर्वसन आलं. घरांचे तीन गट पाडले गेले: भूमिहीन आणि अत्यल्प भूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४०० आणि मोठ्या जमीनवाल्यांना ७५०. भूकंपात माणसं किती गेली, घरात उरली किती, यावर घराचा आकार ठरला नाही. जमीन किती यावर ठरला. गावं नवी वसली, रस्ते सरळ झाले, आणि जुनी उतरंड चौरस फुटांत पक्की झाली. कुणी दुष्टपणाने हे केलं असं मी म्हणत नाही. हेतू चांगला होता, काम मोठं होतं. पण माप जुनंच होतं.

आजही अतिवृष्टी झाली की विधानसभेत भांडण होतं ते हेक्टरी किती यावर. रक्कम वाढवून मिळते, टाळ्याही पडतात. सातबारा ज्याचा, मदत त्याला. दुसऱ्याची जमीन बटईने कसणारा आणि महिनाभर मजुरी बुडालेली बाई त्या पंचनाम्यात कुठेच येत नाहीत. हेक्टरी रक्कम दुप्पट केली तरी शून्याची दुप्पट शून्यच.

मापाचा प्रश्न घरापाशी थांबत नाही, तो प्रेतांपर्यंत जातो. १६ सप्टेंबर १९२८ ला फ्लोरिडात ओकीचोबी तळ्याचा मातीचा बांध वादळात गेला. मेले ते बहुतांश शेतमजूर, कृष्णवर्णीय, बाहेरगावाहून हंगामासाठी आलेले. वेस्ट पाम बीचला शवपेट्या गोऱ्यांसाठी राखून ठेवल्या गेल्या. ६९ प्रेतं गोऱ्यांच्या दफनभूमीत नीट पुरली. सुमारे ६७४ कृष्णवर्णीयांना एका खड्ड्यात टाकलं, आणि त्या जागेवर कित्येक दशकं साधी पाटीही नव्हती. बळींचा अधिकृत आकडा १,८३६ होता. २००३ मध्ये, पंचाहत्तर वर्षांनी, तो किमान २,५०० केला गेला. हंगामी मजुराचं नाव कुठल्याच यादीत नसतं, त्यामुळे तो नाहीसा झाला तरी यादीत काही कमी होत नाही. प्वेर्तो रिकोत २०१७ च्या मारिया वादळाचे बळी सरकारने ६४ सांगितले होते. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर तोच आकडा २,९७५ म्हणून मान्य करावा लागला. औषध न मिळाल्याने, वीज नसल्याने पुढच्या काही महिन्यांत गेलेली माणसं पहिल्या मापात बसत नव्हती.

हे सगळं ऐकून, गरिबाच्या नशिबी हेच असतं असा निष्कर्ष कुणी काढू नये. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेने ७३९ माणसं गेली. एरिक क्लिनेनबर्ग यांनी शेजारशेजारच्या दोन वस्त्यांची तुलना केली. नॉर्थ लॉनडेल कृष्णवर्णीयांची, साउथ लॉनडेल लॅटिनो लोकांची. दोन्ही गरीब, दोन्हीकडे एकटी राहणारी म्हातारी माणसं. पहिल्या वस्तीतला मृत्युदर दुसरीच्या सुमारे दहापट निघाला. नॉर्थ लॉनडेलमधले कारखाने आणि दुकानं गेली होती, रस्ते ओस पडले होते, म्हातारी माणसं भीतीने दार लावून आत बसत. साउथ लॉनडेलच्या रस्त्यांवर दुकानं आणि वर्दळ होती, त्यामुळे माणूस उकाड्यात घराबाहेर पडत होता. गरिबी तीच, पण वस्ती जिवंत होती. म्हणजे ऊन तेवढंच असूनही मृत्यूचा आकडा बदलता येतो.

मापही बदलता येतं. अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेने २०२१ मध्ये मालकीच्या पुराव्याचा नियम सैल केला, म्हणजे वारसनोंद न झालेल्या घरांनाही मदत मिळू लागली. कतरिनानंतर सोळा वर्षांनी. उशीर झाला, पण हा बदल रक्कम वाढवून झाला नाही, नियम बदलून झाला.

म्हणून श्रोतेहो, पुढच्या वेळी मदतीचं पॅकेज जाहीर होईल तेव्हा आकडा ऐकून समाधान मानू नये. शासन निर्णय मागवून वाचावा आणि त्याला चार प्रश्न विचारावेत. नुकसान बाजारभावाने मोजलंय की पुन्हा उभं राहण्याच्या खर्चाने? ज्याच्याकडे मालकीचा कागद नाही त्याच्यासाठी कोणतं कलम आहे? बुडालेली मजुरी नुकसानीत धरली आहे का? आणि मृतांची यादी कोणत्या तारखेला बंद केली? हे प्रश्न पाणी चढलेलं असताना विचारता येत नाहीत. तेव्हा जो तो जीव वाचवत असतो, आणि हातात जे पडेल ते घेतो. ते विचारायचे ते कोरड्या दिवसांत, ग्रामसभेत, महापालिकेच्या अंदाजपत्रकी चर्चेत आणि विधिमंडळात, जेव्हा हे नियम शांतपणे लिहिले जात असतात आणि ते वाचायला आपल्यापैकी कुणी हजर नसतं.